सुपडूची जबान

दिवस कासराभर वर आला नाही तोच वारं तापलं. ताईबाईच्या केळीच्या बागेत प्रमिलाबाई शिरली तेव्हा पायाखालची वाळली पत्ती पापडासारखी मोडत होती. सुपडू, तिचा नवरा, पुढं चालला होता. एका झाडापाशी तो थांबला. लोंगराच्या वरच्या फणीवर त्यानं अंगठा दाबला आणि पुढच्या झाडाकडे गेला. तिथंही तसंच केलं. त्याच्या पलीकडच्या झाडाचं लोंगर वरून पिवळं पडलेलं तिला लांबूनच दिसलं.

"व्हई गयं," सुपडू म्हणाला.

"काय व्हई गयं?"

"पिकाले लागनं. आते हाई गाडीमा चालाव नही."

दिल्लीला जायचा माल हिरवा असतानाच कापायचा असतो. तो वाटेत वॅगनमध्ये पिकत जातो. झाडावरच पिवळं पडलं की ते गुराढोरांचं खाणं. चोपड्याच्या खालच्या अंगाला, तापीकाठच्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नव्हतं.

ताईबाई बांधावर बसून होती. नवरा गेल्यावर एवढी एकच बाग तिनं पोटच्या पोरासारखी वाढवली होती. पाण्याच्या पाळीसाठी लोकांच्या दारात उभी राहिली होती, खत डोक्यावर वाहिलं होतं. चैत्रात दुसरा एक व्यापारी येऊन बाग बघून गेला होता, उद्याच कापतो म्हणत होता. ताईबाईनं त्याला सांगितलं, सुपडूभाऊला विचारून बोलते. सुपडूनं तिला थांब म्हटलं, आपलाच शेठ कापील. ती थांबली.

"सुपडूभाऊ, कवय येतीन गाड्या?" तिनं विचारलं.

"येतीन अक्का. आज-उद्या येतीन."

त्याच्या तोंडचं ते 'आज-उद्या' ऐकून प्रमिलाबाईच्या कानशिलांत जाळ झाला. बाहेर पाणंदीला लागल्यावर ती म्हणाली, "कोना भरवसावर सांगस तू? शेठ तुले काही बोलना शे का?"

"झुंबरनानानं घर शे ते. असं कसं सोडी देतीन?"

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. झुंबरनानाचं नाव घेतलं की सुपडूचा विचार तिथंच संपायचा.

झुंबरलाल शेठ या गावात आला तेव्हा त्याच्याजवळ एक सायकल आणि मागच्या कॅरिअरला बांधलेलं लुगड्यांचं गाठोडं, एवढंच होतं. मारवाडातून आलेला, मराठी धड येत नव्हतं. सुपडूच्या बापानं त्याला आपल्या घराची मागची खोली राहायला दिली. त्याची बायको पानबाई लग्न होऊन आली ती त्याच खोलीत. थोरला गौतमचंद तिथंच जन्मला, सुपडूच्या आईच्या हातांवर. गावात केळी वाढल्या तशी झुंबरलालनं लुगडी सोडली आणि केळीत पडला. सुपडू त्याला मळ्यामळ्यांतून घेऊन हिंडला. "हाऊ माणूस मना भाऊ शे, याले माल द्या," असं त्यानं घरोघर सांगितलं. लोकांनी दिला. कुठली बाग कधी कापायची ते सुपडू ठरवायचा, आणि शेतकऱ्याला काही बोलायचं असलं तर तो सुपडूशी बोलायचा. झुंबरलालनंही कधी त्याला खाली बघायला लावलं नाही. चोपड्यात पेढी झाली, बंगला झाला, तरी तो जीपमधून उतरला की आधी सुपडूच्या ओट्यावर टेकायचा. मग अर्धांगाचा झटका आला आणि तो खाटेला खिळला. पेढीवर गौतमचंद बसू लागला.

या कांदेबागेच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला लावलेल्या केळीच्या, हंगामात सुपडूची टोळी बसून होती. कापणारे गडी पिंपळाखाली पत्ते कुटत होते. प्रमिलाबाईच्या हाताखालच्या बाया, ज्या बागेतून लोंगरं डोक्यावर वाहून गाडीपर्यंत आणायच्या, त्या घरोघर निंदणी-खुरपणी शोधत होत्या. आणि एका सकाळी गौतमचंदच्या ट्रका आल्या. धुरळा उडवत गावातून गेल्या, थांबल्या नाहीत. अभिमन पाटलाच्या मळ्याकडे वळल्या.

ट्रकांवर परकी टोळी होती. तिचा मुकादम मगन म्हणून कुणी होता, डोक्याला रंगीत रुमाल, हातात ट्रान्झिस्टर. त्याला वाहणाऱ्या बाया कमी पडल्या म्हणून त्यानं गावात हाळी घातली. प्रमिलाबाईच्या बाया तिच्या तोंडाकडे बघू लागल्या. चूल सगळ्यांचीच होती.

"चला," ती म्हणाली आणि स्वतः पुढं झाली.

अभिमन पाटलाची बाग डोळ्यात न मावणारी. प्रमिलाबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली, पहिलं लोंगर उचललं आणि तिथंच थबकली. लोंगर हलकं होतं. केळ्यांच्या धारा बोटाला टोचत होत्या, पोट भरलेलं नव्हतं. अजून पंधरवडा तरी ते झाडावर राहायला हवं होतं. कापल्या दांड्यातून चीक ठिबकत होता. तो तिच्या कानामागून मानेवर, मानेवरून चोळीत उतरला. हा चीक कापडाला लागला की काळा डाग पडतो आणि कापड फाटेस्तोवर निघत नाही. तिची सगळी लुगडी त्या डागांची होती. पण आजचा चीक तिला अंगाला चिकटलेल्या शिवीसारखा वाटला.

"मुकादम, हाई माल कवळा शे," ती म्हणाली.

"मले कापाले सांगेल शे, कापस. तू वाहाले येल शे, वाय."

"अरे, तठे गावमा लोकास्ना माल पिकीसन पडी रायना, आनि आठे कवळा कापतस?"

"ओ बाई, जलदी कर. बाकीन्या थांबेल शेतीस."

तिच्या वयाचाही मान न ठेवता तो 'जलदी, जलदी' करत टाळ्या वाजवत राहिला, जशा कोंबड्या हाकलाव्यात. अभिमन पाटील विहिरीच्या थारोळ्यावर बसून चहा पीत होता. त्यानं तिच्याकडे एकदा बघितलं, ओळखलं, आणि बशीत फुंकर घातली. प्रमिलाबाईनं दिवस मावळेपर्यंत वाहिलं. मानेच्या शिरा दगडासारख्या झाल्या. घरी आल्यावर तिनं चुंबळ सुपडूच्या पुढ्यात भिरकावली.

"सकाय चोपडाले जाऊ. तू नही उना तर मी एकली जासू."

सकाळच्या एस.टी.नं दोघं चोपड्याला गेली. पेढीवर गौतमचंद फोनवर बोलत होता. सुपडूला बघून त्यानं हातानंच बसा म्हटलं. कुठं, ते सांगितलं नाही. गादीवर जळगावचे कुणी दोघं बसले होते. सुपडू जरा घुटमळला आणि पायरीवर टेकला. याच गादीवर झुंबरलाल त्याला हात धरून ओढून बसवायचा. प्रमिलाबाई उभीच राहिली.

फोन संपल्यावर गौतमचंद हसून म्हणाला, "बोला काका. काकू, पाणी घेता ना?"

तो गोड बोलत होता, आणि तेच तिला झोंबत होतं.

"गौतम, बाबा, गावमा माल पिकी रायना," सुपडू म्हणाला. "ताईबाईनी बाग, पुनानी बाग, बठ्ठ्यास्न्या बागा. मी सांगेल शे त्यास्ले थांबाले."

"मला कळतं ना काका. पण वॅगनच मिळत नाहीत. अभिमन पाटलांचे व्याही जळगावला रेल्वेत आहेत, त्यांच्या ओळखीनं चार वॅगन लागतात. ज्याच्या ओळखीनं वॅगन मिळते त्याचा माल आधी घ्यावा लागतो. बाबांच्या वेळी माल मिळत नव्हता, तेव्हा गावातली ओळख कामाची होती. आता माल ढीगभर पडलाय, गाडी नाही. धंदा ओळखीवरच चालतो, पण कोणत्या वेळी कोणाची, हे बघावं लागतं. यात माझं काही चुकतं का, तुम्हीच सांगा."

सुपडूनं मान खाली घातली. गौतमचंदचं म्हणणं खोडून काढता येईना, म्हणून प्रमिलाबाईचा राग आणखीच उसळला.

"मंग आमले आधी कसाले नही सांगं?" ती म्हणाली. "सांगतास तर लोकास्नी दुसराले माल दिधा असता."

"दुसऱ्याला कसा देऊ देईन काकू? वॅगन कधीही मिळू शकते. तेव्हा माल लागेल की नाही?" तो परत हसला. "काका, तुम्ही गावात एवढंच सांगा, थोडे दिवस थांबा म्हणावं. तुमच्या शब्दाबाहेर कोणी नाही."

"आनि तवरोक सडी गया तर?"

"शेतीत असं व्हायचंच, काकू." आणि त्यानं परत फोनचा नंबर फिरवायला घेतला.

प्रमिलाबाई तशीच आतल्या दारानं बंगल्यात घुसली. मधल्या खोलीत झुंबरलाल खाटेवर होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात छातीवर निर्जीव पडलेला. पानबाई त्याला चमच्यानं ताक पाजत होती. प्रमिलाबाईला बघून तिचा चेहरा आधी फुलला आणि मग सावध झाला.

प्रमिलाबाई खाटेपाशी खाली बसली आणि बोलतच सुटली. ताईबाईची बाग, पाटलाचा कोवळा माल, मगनच्या टाळ्या, पायरीवर बसलेला सुपडू. झुंबरलालचे डोळे तिच्यावर खिळले. ओठ हलले. "सु... सु..." एवढंच बाहेर आलं. डावा हात खाटेच्या काठावर आपटू लागला.

"बस, बस," पानबाई मध्ये पडली. "त्यास्ले तरास व्हस. डॉक्टरनी सांगेल शे."

"मंग तू सांग तुना आंडोरले, गौतमले."

पानबाई चमचा वाटीत फिरवत राहिली. "मी काय सांगू, प्रमिला? तो मले इचारस का? पेढीवर बाईमानूसनी बोलानं नही. आनि शेवटी मना आंडोर शे तो."

"मना घरना ओट्यावर रांगना तवय बी तुनाच आंडोर व्हता. तवय तू बोलनी व्हतीस, हाऊ तुना बी शे."

पानबाईनं पदरानं डोळे पुसले, पण उठली नाही. प्रमिलाबाई बाहेर आली तेव्हा सुपडू पायरीवर तसाच बसून होता आणि लोक त्याच्या अंगावरून येत-जात होते.

खरा संताप तिला पुढं झाला. गावात आल्यावर सुपडू घरोघर फिरला आणि "थोडं थांबा, शेठनी सांगेल शे" म्हणून खरंच सांगून आला. ती दारात उभी राहून ओरडली, "तुले जीभ शे का शेठनी चप्पल शे ती? त्यानी घाली आनि चालना!" आळीतल्या बाया बाहेर आल्या. सुपडू आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

मग वादळ आलं. दुपारी वारं पडलं, झाडाचं पान हलेना, आणि एकाएकी उत्तरेकडून सातपुड्याच्या बाजूनं तांबडी भिंत उठली. पाऊस थेंबभर नाही, नुसता वारा. केळीचं झाड म्हणजे पाण्याचा खांब, वर भरलेल्या लोंगराचं ओझं. ते वाकत नाही, मोडतं. वारा थांबल्यावर प्रमिलाबाई धावत ताईबाईच्या बागेकडे गेली. बाग उभी नव्हतीच. सगळी झाडं एकाच दिशेला आडवी झाली होती, लोंगरं मातीत फुटली होती, आणि चिकाचा तुरट वास नाकात बसत होता. ताईबाई मधोमध उभी होती. रडत नव्हती. प्रमिलाबाई जवळ गेली तशी ती म्हणाली, "तू जाय माय. तुले देखीसन मना जीव जळस."

गावातल्या बऱ्याच बागा तशाच गेल्या. सुपडूला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. लोकांनी त्याला रामराम घालणं सोडलं. पिंपळाखाली तो गेला की पत्ते मिटायचे. पुनाची पिठाची गिरणी होती, त्याचीही बाग गेली होती. प्रमिलाबाई दळण घेऊन गेली तर त्यानं तिची टोपली पायानं बाजूला सारली.

"पुनाभाऊ, मना नंबर शे."

"व्हई व्हई. आज-उद्या व्हई."

गिरणीवरच्या बाया फसकन हसल्या. मागून आलेल्यांची दळणं होऊन गेली. ती उभी राहिली, टोपली उचलली आणि घरी येऊन जात्यावर बसली. दळताना ती जात्याला, पुनाला, गौतमचंदला, नवऱ्याला, सगळ्यांना मोठमोठ्यानं शिव्या घालत होती. सुपडू ओट्यावर बसून ऐकत होता.

त्याच आठवड्यात झुंबरलाल गेल्याचा सांगावा आला.

सुपडू पोरासारखा रडला. अनवाणी निघाला, खांदा दिला, आणि उठावण्याच्या, दुखवट्याच्या बैठकीलाही गेला. प्रमिलाबाईची इच्छा नव्हती, पण मेलेल्या माणसाशी तिचं भांडण नव्हतं. बंगल्याच्या ओसरीवर पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. पांढऱ्या टोप्या घातलेले व्यापारी बसले होते, चोपड्याचे, जळगावचे, थेट धुळ्याचेही. बाया आतल्या खोलीत, आणि मधल्या दाराला नुसता पडदा. प्रमिलाबाई पडद्यालगत बसली. सुपडू कोपऱ्यात खांबाला टेकून होता.

जळगावचे मोतीलाल शेठ बोलत होते. मोठा माणूस, दिल्लीच्या बाजारात त्यांचा वट होता. "झुंबरलालजींचा माल म्हणजे डोळे मिटून घ्यायचा. कधी कोवळा निघाला नाही, कधी पिकलेला निघाला नाही. गौतमचंद, या मोसमात मात्र तक्रारी आल्या हं. गावं कोण सांभाळतं आता?"

"हे काय, बसलेत ना," गौतमचंद चटकन उठला आणि कोपऱ्याकडे गेला. "आमचे सुपडूकाका. बाबांचे भाऊच. यांच्या शब्दाबाहेर गावातून एक लोंगर हलत नाही. काका, इकडे या ना, गादीजवळ बसा." आणि त्यानं सुपडूच्या खांद्यावर हात ठेवला.

पडद्याच्या फटीतून प्रमिलाबाईला नवऱ्याचा चेहरा दिसला. तिला वाटलं, हा आता उठेल, जाईल आणि बसेल. तिनं दात आवळले.

सुपडूनं खांद्यावरचा तो हात मनगटाला धरून उचलला आणि बाजूला केला. तो उभा राहिला.

"मी झुंबरनानाना भाऊ," तो म्हणाला. "तुना मी कोनी नही."

व्यापाऱ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"काका, तुम्ही दुःखात आहात—"

"दुःखमा शे म्हनीसनच बोलस, नही तर बोलताच उनं नसतं." तो मोतीलाल शेठकडे वळला. "शेठ, मनी जबान यानी वापरी. मी लोकास्ले सांगं थांबा, लोक थांबनात. लोकास्ना माल झाडवर पिकना, मंग वादळमा आडवा व्हयना. आनि यानी पाटलाना कवळा माल तुम्हले धाडा. त्यान्याच तक्रारी शेतीस त्या. आते गावमा मना शब्दले कुत्रं बी इचारत नही. तुम्ही कितला डोया मिटाना, तुम्हीन देखा."

गौतमचंदचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. "आजच्या दिवशी? बाबांच्या बैठकीत?"

आत पानबाईनं प्रमिलाबाईचं मनगट घट्ट धरलं. "आज तरी नको व्हतं वं, प्रमिला."

"आज नही ते कवय? आज बठ्ठा ऐकाले बठेल शेतस."

तिनं हात सोडवला, पडदा सारला आणि सगळ्या पुरुषांच्या मधून चालत बाहेर आली. सुपडू तिच्या मागोमाग उतरला. बसमध्ये बसल्यावर सुपडू ओंजळीत तोंड घालून हुंदके देऊ लागला. तिनं त्याला गप्प केलं नाही. त्याचा भाऊ मेला होता.

गावाला हे कळलं, पण त्यानं काही बदललं नाही. मोडलेली बाग कुणाच्या बोलण्यानं उभी राहत नाही. टोळी पांगली. कुणी भुसावळला हमालीला गेलं, कुणी मगनच्या हाताखाली. सुपडू एका सकाळी विळा घेऊन ताईबाईच्या बागेत गेला आणि आडवी झाडं कापून बांधाला लावू लागला. कुणी बोलावलं नव्हतं. प्रमिलाबाई दुसऱ्या दिवशी गेली. सडलेले बुंधे ओढताना घाण पाणी अंगावर यायचं, किडे हाताला लागायचे. ताईबाई लांब बांधावर बसून बघायची. तिनं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पुढं ती स्वतःच पदर खोचून दुसऱ्या टोकाकडून बुंधे ओढू लागली. बागा पुन्हा लागल्या. ताईबाईनं कंद उसने मागून आणले, ते तिघांनी मिळून लावले.

गौतमचंदच्या ट्रका येईनाशा झाल्या. पाटलाच्या व्याह्याची बदली झाली म्हणत, आणि मोतीलाल शेठनीही त्याचा माल घेणं बंद केलं होतं. पुढच्या कापणीच्या तोंडावर मोतीलाल शेठची जीप गावात आली आणि सरळ सुपडूच्या दाराशी थांबली.

"सुपडूभाऊ, मला तुमचं गाव पाहिजे," शेठ ओट्यावर बसत म्हणाले. "वॅगनची काळजी माझ्याकडे. तुम्ही फक्त लोकांना सांगा."

प्रमिलाबाईनं चुलीपुढून मान वर केली. तिच्या छातीत पुन्हा तेच पेटलं. पण सुपडूनं मान हलवली.

"मी कोनले सांगाव नही. तुम्ही सोता बोला. मी फक्त बोलावस."

लोक आले, पण ओट्यावर कुणी चढलं नाही, अंगणातच उभे राहिले. पुना हाताची घडी घालून, बाकीचे जमिनीकडे बघत. शेठनी हसून, नमस्कार करून सुरुवात केली. चांगलं बोलले. झुंबरलालजींची आठवण काढली, सुपडूभाऊसारखा माणूस जिल्ह्यात नाही म्हणाले. सगळे ऐकून घेत होते.

ताईबाई मागून पुढं आली. तिच्या लुगड्यावर चिकाचे ताजे काळे डाग होते.

"शेठ, समजा मी तुम्हले माल देसू म्हनू, दुसराले नही दिऊ. आनि तुमनी गाडी नही उनी, झाडवर पिकी गया. मंग तो नुकसान कोना? मना का तुमना?"

मोतीलाल शेठ गडबडले. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्यांना हे कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. सवयीनं त्यांनी बाजूला बसलेल्या सुपडूकडे बघितलं. सुपडूनं नजर उचलली नाही. प्रमिलाबाई दारात उभी राहून ताईबाईकडेच बघत होती.

ताईबाई आणखी एक पाऊल पुढं आली.

"त्यानाकडे काय देखतस, शेठ?" ती म्हणाली. "मी इचारस."